चित्रांतून भेटणारे शिवाजी महाराज

महाराष्ट्रातल्या मुलाला शिवाजी महाराजांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही, असं आपण गृहीत धरतो. चौकातला अश्वारूढ पुतळा, रिक्षाच्या मागच्या काचेवरचं चित्र, फेब्रुवारीतल्या मिरवणुकीचे ढोल, दिवाळीत अंगणात केलेला मातीचा किल्ला हे सगळं पाहत वाढलेलं तीन-चार वर्षांचं मूल दाढी, जिरेटोप आणि घोडा अचूक ओळखतं. ‘हे कोण?’ म्हटलं की लगेच ‘महाराज!’ असं उत्तर येतं. पण महाराजांनी काय केलं, असं विचारलं तर बहुतेक मुलं हात उगारून तलवार फिरवून दाखवतात.

शाळेत शिवचरित्र रीतसर येतं ते चौथीत, ‘शिवछत्रपती’ या पाठ्यपुस्तकातून. तोवर मूल नऊ वर्षांचं झालेलं असतं. पुतळा ओळखण्याचं वय आणि पाठ्यपुस्तकाचं वय यांच्यामधली पाच-सहा वर्षं ही चित्रपुस्तकांची आहेत. मांडीवर किंवा शेजारी बसून, मोठ्यांनी वाचायचं आणि मुलांनी चित्र बघायचं, अशी ही वर्षं. या काळात हाती पडलेलं पुस्तक राजाची जी प्रतिमा मनात उभी करतं, ती पुढे फार काळ टिकते. म्हणून ते पुस्तक निवडताना आणि वाचून दाखवताना थोडा विचार करायला हवा.

एका पुस्तकात एकच प्रसंग

बरीचशी बालचरित्रं एकाच साच्याची असतात. शिवनेरीवर जन्म, रायरेश्वराची शपथ, तोरणा, अफझलखान, पन्हाळा, शायिस्तेखान, आग्रा, सिंहगड, राज्याभिषेक असा चव्वेचाळीस वर्षांचा प्रवास चोवीस पानांत उरकलेला असतो. प्रत्येक पानावर नवं गाव, नवा शत्रू, नवं साल. मोठ्या माणसाला हे सगळं आधीपासून माहीत असल्यामुळे पुस्तक ‘संपूर्ण’ वाटतं. चार वर्षांच्या मुलाला मात्र त्यात धरून ठेवायला काहीच मिळत नाही. ‘आदिलशाही’ म्हणजे काय, ‘सुभेदार’ कोण, हे विचारायच्या आत पान उलटलेलं असतं. शेवटी लक्षात राहते ती प्रत्येक चित्रात दिसलेली गोष्ट, म्हणजे तलवार.

लहान मुलाला जन्मापासून मृत्यूपर्यंतचा आलेख नको असतो. त्याला एक जागा, एक अडचण आणि त्या अडचणीतून काढलेली वाट हवी असते. आग्र्याहून सुटका ही अशी गोष्ट आहे. रायगडावर हत्ती कसे चढले असतील, हीसुद्धा अशीच गोष्ट आहे. एका पुस्तकात एक प्रसंग आणि वर्षभरात चार-पाच पुस्तकं, अशा बेताने मूल चौथीत पोचेतो त्याच्याजवळ वीसेक प्रसंग गोळा झालेले असतात. ते क्रमाने लावायचं काम मग पाठ्यपुस्तक करतं.

वयाचा ढोबळ अंदाज असा ठेवता येईल. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी घर, आई, प्राणी, पाणी आणि चढउतार यांच्याभोवतीच्या गोष्टी घ्याव्यात आणि पानावर दोन वाक्यांपेक्षा जास्त मजकूर नसावा. जिजाऊंचं बोट धरून शिवनेरीवर फिरणारा शिवबा, रात्री कडा उतरून बाळाकडे गेलेली हिरकणी, भर समुद्रातल्या किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या विहिरी, असे विषय या वयाला पेलतात. पाच ते सात या वयात युक्तीच्या गोष्टी रंगतात. वेषांतर, निरोप, गुप्तहेर बहिर्जी नाईक आणि आग्र्याचे पेटारे यांना हे वय अगदी योग्य. सात-आठच्या पुढे मुलाला हार, त्याग आणि मरण यांबद्दल बोलता येतं. पावनखिंड, पुरंदरचा तह, सिंहगड आणि प्रतापगड हे प्रसंग त्या वयासाठी राखून ठेवावेत. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’सारखी चौकटी-चौकटींची पुस्तकंही याच वयाची आहेत. एका पानावरच्या सहा चौकटी कुठल्या क्रमाने वाचायच्या, हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही.

राजा दिवसभर काय करतो?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि पुस्तकाची पारख करायला तो फार उपयोगी पडतो. पुस्तकातला राजा फक्त लढत असेल, तर त्या पुस्तकाने राजाचं निम्म्याहून अधिक काम गाळलेलं आहे. शिवाजी महाराजांच्या बाबतीत तर हे मोठंच नुकसान आहे, कारण त्यांच्या कारभाराचे अस्सल कागद आपल्यापाशी आहेत.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं पत्र हे त्यांतलं सर्वांत चित्रमय. पावसाळा तोंडावर आहे, दाणागोटा आणि वैरण जपून वापरा, असं ते बजावतात. आत्ता उधळपट्टी केलीत तर ऐन पावसात घोडे उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेकडचं धान्य, भाजी, लाकूड ओढून आणाल. तसं करू नका, जे हवं ते बाजारातून पैसे देऊन घ्या. आणि पुढे ते अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखे सांगतात की रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी वैरण जाईल.

पेटती वात तोंडात धरून पळणारा उंदीर! चित्रकाराला याहून चांगलं पान कुठलं मिळणार? शिवाय या एका पानावर मुलाला कितीतरी गोष्टी कळतात. राजाला घोड्यांच्या चाऱ्याची काळजी असते. शेतकऱ्याच्या भाजीच्या जुडीला हात लावायची सैनिकाला परवानगी नसते. पुढच्या दोन महिन्यांचा विचार आज करावा लागतो. पाच वर्षांच्या मुलाला ‘रयतेचा राजा’ या शब्दांचा अर्थ कळावा म्हणून हे पत्र गोष्टीसारखं सांगितलं की पुरतं.

सिंधुदुर्गाचंही तसंच. १६६४ मध्ये मालवणच्या समुद्रातल्या कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या नावांच्या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! ही नावं मुलं एकदा ऐकून विसरत नाहीत. किल्ला बांधायचा तर आधी पाणी शोधावं लागतं, ही गोष्ट या विहिरींमुळे आपोआप समजते.

राज्याभिषेकाचं पानसुद्धा नुसतं सिंहासन आणि फुलांचा वर्षाव दाखवून संपवायचं कारण नाही. ६ जून १६७४ रोजी रायगडावर हा सोहळा झाला तेव्हा मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता. वाड्याच्या दाराशी उभे असलेले दोन हत्ती पाहून तो चकित झाला. इतक्या अवघड वाटेने हे हत्ती वर आणले तरी कसे, असं त्याने आपल्या नोंदीत लिहून ठेवलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परक्या पाहुण्याला पडलेला प्रश्न आजच्या मुलापुढे ठेवा आणि त्याला उत्तरं शोधू द्या. कुणी म्हणेल, लहान पिल्लं असताना आणली असतील. कुणी म्हणेल, रस्ता मोठा केला असेल. मूल विचार करायला लागलं की पुस्तकाचं काम झालं.

चित्रं तपासून घ्या

मोठी माणसं मजकूर वाचतात, मुलं चित्र वाचतात. म्हणून पुस्तक विकत घेण्याआधी दुकानात उभं राहून नुसती चित्रं एकदा पाहावीत.

महाराजांच्या चेहऱ्यापासूनच सुरुवात करता येईल. सतराव्या शतकात दख्खनी शैलीत काढलेली त्यांची काही चित्रं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. टोकदार दाढी, धारदार नाक, अंगात जामा, डोक्याला तुरा लावलेली पगडी असं त्यांचं रूप त्यांत दिसतं. आपल्या डोळ्यांसमोर असलेलं रूप मात्र विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी घडवलेलं आहे. एम. व्ही. धुरंधर, दीनानाथ दलाल, जी. कांबळे यांच्या चित्रांचा त्यात मोठा वाटा आहे. ही चित्रं सुंदर आहेत आणि मुलांनी ती पाहावीतच. पण सात-आठ वर्षांच्या मुलासमोर जुनं दख्खनी चित्र आणि आजचं चित्र शेजारी-शेजारी ठेवलं, तर काय सारखं आणि काय वेगळं हे शोधण्यात अर्धा तास सहज जातो. एक गोष्ट त्याला जरूर सांगावी. एके काळी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं आणि १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी खरं चित्र लोकांपुढे आणलं. इतिहास शोधून काढावा लागतो, हे कळण्यासाठी यापेक्षा सोपं उदाहरण मिळणं कठीण.

त्यानंतर गडांकडे पाहावं. रायगडाचा माथा सपाट आणि ऐसपैस आहे, प्रतापगड जावळीच्या दाट रानात आहे, सिंधुदुर्ग पाण्यात आहे. तिन्ही ठिकाणी चित्रकाराने परीकथेतल्यासारखे टोकदार मनोरे काढले असतील, तर तो सह्याद्री नव्हे. मावळ्यांची घरं, शेतं, बैल, कांबळी दिसतात का? बायका फक्त आरती ओवाळताना दिसतात, की कामं करताना, निर्णय घेतानाही दिसतात? स्वयंपाकाच्या चित्रात टोमॅटो-बटाट्याची टोपली असेल, तर चित्रकाराने काळाचा विचार केलेला नाही, कारण या दोन्ही गोष्टी मराठी चुलीपर्यंत फार नंतर पोचल्या.

आणि शत्रू कसा रंगवला आहे, हे आवर्जून पाहावं. शत्रूकडची माणसं राक्षसासारखी, काळीकुट्ट, लाल डोळ्यांची काढलेली असतील तर ते पुस्तक परत ठेवावं. रंगावरून आणि चेहऱ्यावरून माणूस वाईट ठरवायची सवय अशा चित्रांतूनच लागते. शिवाय त्याने महाराजांचा मोठेपणाही कमी होतो. समोरचे सरदार अनुभवी, हुशार आणि बलाढ्य होते म्हणूनच त्यांच्यापुढे टिकून राहणं कठीण होतं.

मजकुरातली एक खूण सहज तपासता येते. जुन्या पुस्तकांत महाराजांचं जन्मवर्ष १६२७ दिलेलं असतं. आता १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारलेली आहे. नव्याने छापलेल्या पुस्तकात जुनं वर्ष तसंच असेल, तर बाकीचा मजकूरही तपासलेला नसण्याची शक्यता मोठी.

वाचून कसं दाखवावं

पुस्तक आधी स्वतः एकदा वाचून घ्यावं. कुठे थांबायचं, कुठला शब्द सोपा करायचा, हे त्यामुळे ठरवता येतं. पहिल्या फेरीत मजकूर न वाचता फक्त चित्रं पाहू द्यावीत. मूल बोट ठेवून विचारेल ते सांगावं. दुसऱ्या फेरीत गोष्ट वाचावी, तीही मधूनमधून थांबत.

आग्र्याचा प्रसंग घेऊन पाहू. १२ मे १६६६ रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे पुत्र संभाजीराजे होते, आणि दोनच दिवसांनी त्यांना नववं वर्ष पूर्ण होणार होतं. ऐकणाऱ्या मुलासाठी हा तपशील फार महत्त्वाचा आहे, कारण गोष्टीत त्याच्या वयाच्या आसपासचं कुणीतरी आलं. दरबारात महाराजांना मानाची जागा मिळाली नाही. ते रागावले. मग त्यांच्या मुक्कामाभोवती पहारा बसला. इथे पान उलटण्याआधी थांबावं. ‘आता काय करावं?’ असं विचारावं आणि येईल ते उत्तर ऐकून घ्यावं. ‘पहारेकऱ्यांशी भांडायचं’, ‘उडून जायचं’, ‘आजीला फोन करायचा’ अशी सगळी उत्तरं चालतील. मग पुढचं पान. महाराज आजारी असल्याची बातमी पसरते, मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ लागतात, पहारेकरी सुरुवातीला प्रत्येक पेटारा उघडून बघतात आणि हळूहळू बघायचे थांबतात. १७ ऑगस्टला महाराज निसटतात. हिरोजी फर्जंद त्यांच्या जागी अंथरुणावर पांघरूण घेऊन पडून राहतो.

गोष्ट संपल्यावर परीक्षा घेऊ नये. ‘महाराज कुठल्या साली आग्र्याला गेले?’ हा प्रश्न चौथीपर्यंत थांबू शकतो. त्याऐवजी, ‘पहारेकऱ्यांनी रोज पेटारे उघडले असते तर?’, ‘हिरोजीला तिथे एकट्याला कसं वाटलं असेल?’, ‘संभाजीराजे वाटेत बाबांपासून वेगळे राहिले, त्यांना आठवण आली असेल का?’ असे प्रश्न विचारावेत. मूल उलट विचारतं, ‘महाराज घाबरले होते का?’ या प्रश्नाने पुष्कळ पालक बिचकतात आणि ‘महाराज कधीच घाबरत नाहीत’ असं सांगून टाकतात. त्यापेक्षा खरं सांगणं चांगलं. मुलगा बरोबर होता, घर शेकडो कोस दूर होतं, भोवती पहारा होता. काळजी वाटलीच असणार. काळजी वाटत असतानाही त्यांनी शांतपणे विचार केला आणि माणसं कामाला लावली. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला अशा राजाचा आधार वाटतो.

मूल तेच पुस्तक आठवडाभर रोज मागेल. द्यावं. दर फेरीत त्याला नवं काहीतरी दिसतं आणि पाचव्या दिवशी ते स्वतः गोष्ट सांगू लागतं.

रक्त, मरण आणि शत्रूचं नाव

१० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाजवळची अफझलखानाची भेट टाळता येत नाही, कारण मुलं ती पोवाड्यांतून, नाटुकल्यांतून, शाळेच्या स्नेहसंमेलनातून ऐकतातच. पाच वर्षांखालच्या मुलाला ती सविस्तर सांगायची गरज नाही. ‘एक बलाढ्य सरदार मोठी फौज घेऊन आला होता, महाराजांनी तयारी केली आणि ते वाचले’ एवढं त्याला पुरतं. सात-आठच्या पुढे भर तयारीवर द्यावा. भेटीची जागा आपल्या मुलखात, जावळीच्या रानाजवळ ठरवणं, अंगरख्याखाली चिलखत घालणं, झाडीत फौज दडवणं, जिवा महालासारखा विश्वासू माणूस जवळ ठेवणं ही सगळी विचारपूर्वक केलेली कामं आहेत. कोथळा आणि रक्त यांचं मोठं रंगीत चित्र असलेलं पुस्तक मुलाला भीती तरी देतं किंवा हिंसेची चटक तरी. दोन्ही नकोत.

बोलताना शत्रूला त्याच्या नावाने आणि हुद्द्याने ओळखावं. अफझलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, शायिस्तेखान हा औरंगजेबाचा सुभेदार होता. या लढाया राज्यांच्या होत्या. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, त्यांच्या चिटणिशीत काझी हैदर होता. उलट, महाराजांवर चालून आलेल्या मुघल फौजेचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग होते आणि अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. मुलाच्या वर्गात खान आडनावाचा मित्र असतो. घरात ऐकलेल्या गोष्टीमुळे दुसऱ्या दिवशी त्या मित्राला कुणी शत्रू ठरवलं, तर ती जबाबदारी गोष्ट सांगणाऱ्याची आहे.

मरणाबद्दलही मुलं थेट विचारतात. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, जिजाऊंचं रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला निधन झालं. त्यांची समाधी तिथे आहे. ‘आईने मुलाला राजा झालेलं पाहिलं आणि मग ती गेली. महाराजांना खूप वाईट वाटलं असेल’ असं साध्या शब्दांत सांगितलेलं मुलांना समजतं. आजी-आजोबा गमावलेल्या मुलाशी बोलायला कधीकधी असंच एखादं पान उपयोगी पडतं.

हारही लपवू नये. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले आणि बारा उरले. पस्तीस खडे मांडून त्यातले तेवीस बाजूला काढायला सांगितले की सात वर्षांच्या मुलाला तो तोटा डोळ्यांना दिसतो. मग १६७० पासून त्यांतले किल्ले परत मिळवायला सुरुवात झाली, तसे खडे एकेक करून परत आणावेत.

माहीत असलेलं आणि सांगितलं जाणारं

हिरकणीची गोष्ट मुलांना अतिशय आवडते आणि ती सांगावीच. रायगडावर हिरकणीच्या नावाचा बुरूजही आहे. पण ती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणलेली कथा आहे. तानाजी मालुसरे १६७० मध्ये सिंहगडावर लढताना पडले, हे इतिहासाला माहीत आहे. घोरपडीला दोर बांधून मावळे वर चढले, याला त्या काळातल्या कागदांचा आधार नाही. हा फरक मुलाला सांगितला तर गोष्टीची गोडी जाईल, अशी भीती उगाच वाटते. मुलं स्वतः खेळताना ‘हे खरं’ आणि ‘हे खोटं-खोटं’ असा भेद दिवसभर करत असतात. ‘हे आपल्याला कागदांवरून माहीत आहे’ आणि ‘हे लोक सांगतात’ अशी दोन वाक्यं लहानपणापासून कानावर पडली की पुढे इतिहासाची पुस्तकं वाचायला तीच कामी येतात.

मोठ्या मुलांसाठी वाघनखांचं उदाहरण घ्यावं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली आणि ती पाहायला लोकांनी गर्दी केली. अफझलखानाच्या भेटीत महाराजांनी वापरली ती हीच, हे खात्रीने सांगता येत नाही, असं त्या लंडनच्या संग्रहालयाचं स्वतःचं म्हणणं आहे. ‘मग खात्री कशी करता येईल?’ हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलासमोर ठेवावा आणि त्याच्याबरोबर विचार करावा.

झाडं तोडू नका, आंबा-फणस जपा, असा मजकूर महाराजांच्या तोंडी घालून पुस्तकांत छापलेला आढळतो. तो मुळात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला आहे आणि आज्ञापत्र महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी लिहिलं गेलं. अमात्य महाराजांच्याच अष्टप्रधानांत होते, त्यांच्याच तालमीत तयार झाले होते. हे एवढं सांगितलं तर मुलाला खरी गोष्टही कळते आणि एक नवा माणूसही भेटतो.

पुस्तक मिटल्यावर

वाचलेलं चित्र प्रत्यक्ष पाहिलं की मुलांना दुप्पट आनंद होतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. लहान मुलांबरोबरची पहिली सहल शिवनेरीची ठेवावी. सात दरवाजे मोजत, शिवाई देवीचं देऊळ बघत मुलं चढून जातात. रायगडाला रज्जुमार्ग असल्याने आजी-आजोबाही सोबत येऊ शकतात. तिथे जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव देवनागरीत कोरलेलं आहे. नुकतंच अक्षरओळख झालेलं मूल ते नाव वाचू शकतं. संग्रहालयात गेलात तर शिवराई शोधा. या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं आहेत. मुलाला कागद-पेन्सिल देऊन ती उतरवून घ्यायला लावावीत.

जाणं जमलं नाही तरी दिवाळीचा किल्ला आहेच. दरवर्षी कुठलातरी डोंगर न करता यंदा वाचलेल्या पुस्तकातला किल्ला करावा. सिंधुदुर्ग केला तर परातीत पाणी आणि आत तीन विहिरी, रायगड केला तर बाजारपेठ आणि हिरकणीचा बुरूज. सैनिकांच्या बरोबरीने गवळण, लोहार, शेतकरी, बैलगाडी, कारकूनही मांडावेत.

घरी पुस्तक तयार करणं हा आणखी एक चांगला उद्योग. चार कोरे कागद मधोमध दुमडून शिवले की सोळा पानं होतात. गोष्ट मुलाने सांगायची, मोठ्यांनी ती त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहायची आणि चित्रं मुलाने काढायची. शेवटचं पान ‘हे आम्हाला कसं कळलं’ यासाठी ठेवावं. त्यावर पुस्तकाचं नाव, पाहिलेल्या गडाचं नाव, आजीने सांगितलं असेल तर आजीचं नाव लिहावं.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी सुरुवात नकाशापासून करावी लागते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतून आणि इतरत्र घरी शिकणाऱ्या या मुलांनी कडा, माची, बुरूज पाहिलेलेच नसतात. सह्याद्रीची चार-पाच छायाचित्रं आधी दाखवली, मोबाइलवर आजोबांना गडाचं वर्णन करायला लावलं, की मग पुस्तकातलं चित्र अनोळखी राहत नाही.

शिवाजी महाराजांवर थांबायचंही कारण नाही. चौंडीत जन्मलेल्या आणि महेश्वरहून राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाई होळकरांच्या आयुष्यात घाट, विहिरी, धर्मशाळा आणि महेश्वरचे विणकर आहेत. हे सगळं चित्रात सुरेख उतरतं. औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत मुघलांशी लढा चालवणाऱ्या ताराबाईंची गोष्ट मोठ्या मुलांना आवडेल. कोल्हापूरच्या शाहू महाराजांपाशी तर कुस्तीचं खासबाग मैदान, राधानगरीचं धरण, गरीब मुलांसाठी उघडलेली वसतिगृहं आणि मोफत, सक्तीचं प्राथमिक शिक्षण आहे. ‘सगळ्या मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे, असं म्हणणारा राजा’ ही कल्पना पहिलीतल्या मुलाला स्वतःशी जोडता येते.

मराठीत मोठ्या मुलांसाठी राजांची चरित्रं पुष्कळ आहेत. तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी, एकाच प्रसंगावर, अभ्यास करून काढलेल्या चित्रांची पुस्तकं मात्र थोडी आहेत. ती वाढायची तर मागणी वाढायला हवी. येत्या शिवजयंतीला मुलाला प्लास्टिकच्या तलवारीऐवजी असं एक पुस्तक द्या, गावातल्या वाचनालयाकडे आणि शाळेकडे अशा पुस्तकांची मागणी नोंदवा आणि त्या संध्याकाळी भाषणं संपली की सोसायटीतल्या मुलांना गोल बसवून त्यांतलं एक वाचून दाखवा.